गुलाबी चिठ्ठी

बयाबाई : ते माप ठेव खाली आन हिकडं बघ! तुंगार्लीच्या बंगलेवाल्याचा फोन आलता. पाव्हन्यांच्या पंगतीत भाताचा पार गिचका झाला. जुना सांगून नवा तांदूळ दिला म्हनं. चोर म्हनला मला!

सारिका : मी कुठं दिला? सकाळी दुकानात तुम्हीच होता, आत्या.

बयाबाई : पोत्याला गुलाबी चिठ्ठी हुती. आपल्यात गुलाबी म्हंजी जुना तांदूळ. आन ती निघाली तुज्या इंग्रजीची, त्यानंच सांगितलं!

सारिका : मापं घालताना पाठ करायला खोचली होती. उद्या बारावीचा पेपर आहे माझा.

बयाबाई : काय लिव्हलंय एवढं तिच्यात?

सारिका : क्रियापदांचे प्रकार. 'ईट' म्हटलं की काय खाल्लं ते लागतं. 'स्लीप'ला काही लागत नाही. 'कॅन' नुसतं दुसऱ्याच्या मदतीला येतं.

बयाबाई : झोपायला काय लागत न्हाई? सासू लागती, पहाटं पाचला उठून दुकान झाडायला! उद्या पेपर-बिपर काय न्हाई. तुंगार्लीला जुनं पोतं पोचव आन त्याची माफी माग.

सारिका : अजिबात जाणार नाही! गेल्या वर्षी माझ्या शाळेच्या दाखल्यात तांदळाची पुडी बांधलीत, फॉर्म भरायचा राहिला. या वर्षी हॉलतिकीट इंदुरीला आईकडे ठेवलंय. तुमच्या हाती लागायचं नाही.

बयाबाई : लय जीभ चालाया लागली तुजी!

सारिका : चालणारच. चिठ्ठीवर एवढं ठळक इंग्रजी, आणि तुम्ही जुना म्हणून विकून मोकळ्या! वाचली तरी का ती?

(बयाबाई पोत्याची शिवण चाचपत राहते.)

सारिका : आत्या, मी विचारतेय. वाचली का?

बयाबाई : रंग बघितला.

सारिका : आणि दाखला?

बयाबाई : त्याला तर रंगबी नव्हता.

सारिका : अहो, वर्षभर मी तुम्हाला वैरीण म्हणतेय! अख्ख्या कामशेतात सांगितलं. एकदा तरी बोलायचं होतं!

बयाबाई : वैरीन म्हनलीस, सोसलं. अंगठेबहाद्दर म्हनली असतीस, तर कुठल्या तोंडानं दुकानात बसले असते?

सारिका : माझं वर्ष गेलं, आत्या. राग जाणार नाही माझा.

बयाबाई : नगं जाऊ दे. माळ्यावर पत्र्याचा डबा हाये. तवापासनं घरात आलेला एकबी कागद म्या फेकला न्हाई. उद्या पेपर देऊन आलीस की बघ, कामाचा कुठला त्यो.