वेग न विसरणारी गाडी

हलू नका जावईबापू — हलू नका म्हटलं ना. तुम्ही हललात की माझा हात सरकतो, आणि हात सरकला की रक्त कसं उडतं ते मघाशी बघितलंत, हा माझा कोट बघा. जखम अगदी जांघेत आहे, पट्टा आवळायला वर जागाच नाही, म्हणून दोन्ही मुठी अशा रोवून उभी आहे मी, अर्धी खिडकीत, अर्धी बर्फात. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केलाय. तालुक्याच्या गावाहून यायची ती, त्यात रस्ता हा असा, म्हणजे वेळ लागणारच — तोवर मी दाबून धरलं तर तुम्ही जगता, सोडलं तर नाही, इतकी साधी गोष्ट आहे. घाबरताय कशाला? सासू आहे मी तुमची, परकी आहे का?

पेट्रोलचा वास येतोय म्हणता — मलाही येतोय. खरं तर अपघातात पहिलं काम म्हणजे किल्ली बंद करायची. तुमच्या सासऱ्यांनी, ऑर्व्हलनं, मला टोइंगच्या, मोडक्या गाड्या ओढायच्या गाडीवर घेतलं ना, तेव्हा आधी हेच शिकवलं — बाकी सगळं नंतर, आधी किल्ली. इंजिन मेलंय तुमचं, पण तो हिरवा दिवा दिसतो ना समोर, क्रूझचा, आपोआप वेग धरून ठेवणाऱ्या यंत्राचा, तो जळतोय, म्हणजे तारांमधे वीज आहे अजून. पण किल्ली आहे त्या अंगाला, स्टीअरिंगच्या पलीकडे, आणि माझे हात हे इथं. राहू दे. काही होत नाही.

क्रूझ लावून आलात ना? — नाही कसं, दिवा काय खोटं बोलतो? अहो, या रस्त्यावर सगळेच लावतात, गव्हाच्या शेतांतून सरळसोट रस्ता, वळण नाही की काही नाही, मीही लावते. पण आज? थेंब पडतोय आणि पडल्या पडल्या गोठतोय, अशा दिवशी आपल्या कॅन्ससमधलं शेंबडं पोरगंसुद्धा क्रूझला हात लावत नाही. डोकं कुठं होतं तुमचं? — कुठं होतं ते मला माहीत आहे, सोडा. डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा, ऐका. आत एक छोटी पेटी असते. तिला तुम्ही एकदा आकडा दिलात की ती बसते चाकाचे फेरे मोजत. कमी पडले, पेट्रोल वाढव — जास्त झाले, आवर. बस, एवढंच येतं तिला. रस्ता तिला दिसत नाही, बर्फ कळत नाही, समोर कोण आलंय त्याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. इथं पुलापाशी गाडी चिखलबर्फात अडखळली, वेग पडला, पेटीला वाटलं कमी पडतंय — तिनं दिलं रेटून. चाक जागच्या जागी भिरभिरलं आणि तुम्ही गेलात आडवे. आणि पाय? पाय मुडपून बसला होतात ना, पायाला कामच नाही म्हणून? नव्या लग्नाचे माझ्या लोर्नाला घेऊन यायचात तेव्हाही असेच बसायचात, राजासारखे, आणि वर मला म्हणायचात, बाई असून गाड्या काय ओढता. ब्रेकपर्यंत पाय पोचायच्या आत पुलाचा कठडाच आत आला.

त्या पेटीची एक गंमत आहे. ब्रेकला पाय नुसता टेकवा, ती लगेच पकड सोडते, अगदी गरीब गाय. पण आकडा? आकडा विसरत नाही हो ती. एक बटण दाबलं की पुन्हा त्याच वेगाला, मधे जणू काही झालंच नव्हतं. किल्ली बंद केली तरच पुसलं जातं तिच्या डोक्यातलं. — हसले मी, माफ करा, पण तुमचं आणि तिचं किती जमतं बघा. पोरीचं मनगट मोडलंत, मग पाद्रीबाबांसमोर गुडघे टेकून ढसाढसा रडलात — झाला ब्रेक. पोरगी घरी नेलीत — दाबलं बटण. केसांना धरून जिन्यावरून ओढलीत. मग फुलं, मग नवा फ्रीज, मग परत बटण, आणि या खेपेला तोंड फोडलंत तिचं. माझ्या एकुलत्या एका लेकीचं तोंड, क्लेटन.

आणि आज कुठं निघाली होती स्वारी? माझ्याकडे? तुम्हाला फोनवर सांगितलं की मी, ती माझ्याकडे नाही, डेन्व्हरला मावसबहिणीकडे गेली. — माफी मागायला. बरं. सीटखाली बंदूक दिसतेय, तिचं मी काही म्हणत नाही, बंदूक इथं कुणाच्या गाडीत नसते, माझ्याही आहे. पण हे चिकटपट्टीचं कोरं रीळ, आणि ही दोरी — माफी काय माणसाला बांधून मागतात? — ओरडू नका. ओरडलात की रक्ताला जोर येतो. हो, दाबतेय, जरा जास्तच दाबतेय, दुखणारच. दुखू दे. तिला दुखलं नसेल? आज सकाळी पोरीला साधा पॅनकेक चावता येईना, दुधात कुस्करून चमच्यानं भरवला मी, लहानपणी भरवायची तसा, आणि वाऱ्यानं दार जरा वाजलं तर ही एवढी मोठी बाई टेबलाखाली जाऊन —

काय? — नाही, आज नाही. आज म्हणाले का मी? परवाची गोष्ट ती, म्हणजे, ती डेन्व्हरला जायच्या आधीची. — हसतोस कशाला? हसतोस कशाला रे? ओठ पांढरेफटक पडलेत तुझे आणि हसतोस. काय पुटपुटतोयस, नीट बोल, मी जवळ आणते कान. — बरा झालो की येतो. असं म्हणालास ना? येशीलच. हाडं जोडतील तुझी, कुबड्या देतील, कुबड्या सुटतील, आणि तू येशील माझ्या दारात, फुलं घेऊन. माझंच तोंड फुटकं, दुसऱ्या कुणाला काय बोलायचं.

सायरन ऐकलास? धान्याच्या कोठारापाशी पोचलेत, म्हणजे आलेच. पोरं चांगली आहेत ती, मला ओळखतात सगळी. — वास वाढलाय पेट्रोलचा. तुला नाही येत? मला येतोय. आणि तो दिवा बघ, हिरवाच्या हिरवा. ऑर्व्हल असता तर ओरडला असता माझ्यावर, पहिलं काम शेवटी करतेस म्हणून. थांब, मला पार आत वाकावं लागेल, आणि स्टीअरिंग पिरगळलंय, दोन्ही हात लागतील — हलू नकोस. किल्ली बंद करते.