शहर शिकायचं कर्ज

वाइओला : ...आणि ऐक ना बाबा, नगररचनेच्या पदवीत तिसऱ्या वर्षी तर अख्खा चौक नव्याने आखायला देतात! अख्खा!

बाबा : शहर शिकायला कर्ज कशाला गं? शहर फुकट आहे. दार उघड, समोर अख्खं मांगेरे उपनगर पडलंय. बघ पोटभर.

वाइओला : नुसतं बघून कळलं असतं तर तू एव्हाना ऑकलंडचा महापौर झाला असतास.

बाबा : वादविवादाचं बक्षीस काय मिळालं, मला घरात विरोधी पक्ष करून ठेवलंय. आकडा सांग.

वाइओला : चाळीस हजार डॉलर. साधारण. घाबरू नकोस!

बाबा : घाबरत नाहीये. फक्त खाली बसतोय.

वाइओला : आता कमाईची बाजू बघ...

बाबा : कमाई ब्रिस्बेनला. तुझे दोन्ही भाऊ लागले ना गोदामात? पहिल्या आठवड्यापासून पगार, डोक्यावर एक पैसा नाही. जानेवारीत तूही जा. थोरला म्हणालाय, जागा बघून ठेवतो.

वाइओला : पहिली पाच-सहा वर्षं ते दोघं माझ्या पुढे असणार, कबूल! मग मी त्यांना गाठणार आणि टाटा करत पुढे जाणार.

बाबा : वकील झालीस तर लवकर गाठशील.

वाइओला : वकिलाला चौक देतात का आखायला?

बाबा : वाइओला, कर्ज काय असतं ते तू बघितलं नाहीस. तो फिरत्या दुकानाचा ट्रक आठवतो? हप्त्याने टीव्ही दिला. टीव्ही बंद पडला, हप्ते चालूच. हॉर्न वाजला की तुझी आई दिवे घालवून तुम्हा तिघांना जमिनीवर आडवं करायची.

वाइओला : मला तो खेळ वाटायचा!

बाबा : खेळ वाटावा म्हणूनच करायची.

वाइओला : ...पण हे सरकारी कर्ज आहे, बाबा. ट्रक नाही, हॉर्न नाही. पगार एका आकड्याच्या वर गेला की वरच्या रकमेतले शंभराला बारा आपोआप कापतात. नोकरी नसेल तर काहीच नाही!

बाबा : नको म्हणजे नको. विषय संपला. यावर अपील नाही.

वाइओला : आहे की. अपील बसमधून उतरून आपल्याच गल्लीत चालत येतंय. ते बघ, जांभळी छत्री.

बाबा : तू... ताईला बोलावलंस?

वाइओला : टोंगन बापाच्या वर कोण? त्याची थोरली बहीण! आत्या हो म्हणाली की तुला नाही म्हणता येतं का?

बाबा : कार्टे! माझा शर्ट कुठाय? ताईसमोर असा बनियनवर बसू? आणि बहीण आत असली की भावाने बाहेर बसायचं असतं. मी जातो व्हरांड्यात.

(दार उघडतं. बाबा व्हरांड्यात, केलेसी आत्या आत, सोफ्यावर.)

आत्या : सेमिसी पळाला वाटतं.

वाइओला : मान राखायला बाहेर बसलाय, आत्या. खिडकी उघडी आहे.

आत्या : राहू दे उघडी. पाणी दे आधी. दोन बस बदलून आले.

वाइओला : बघितलंत! आणि तुमचं विमानतळाचं काम?

आत्या : माझ्या न्हाणीच्या खिडकीतून विमानं दिसतात. पण तिथे झाडायला जायचं तर पहिली बस निघते माझी पाळी सुरू झाल्यावर. रोज कुणाच्या तरी गाडीत हातापाया पडून बसते.

वाइओला : हे कुणी आखलं असेल? मला जी पदवी हवीय, तीच घेतलेल्या कुणीतरी!

आत्या : त्याचं कर्ज फिटलं असेल. मी अजून स्टॉपवरच.

वाइओला : म्हणून आता आपल्यातलं कुणीतरी हवं ना तिथे?

आत्या : हवंच. पण पदवीच्या जेवणात केकचा वरचा थर माझा, आत्याचा मान असतो तो.

वाइओला : पाच थर करू! सगळे तुमचे!

आत्या : नाचू नकोस, फरशी हलतेय. आता सांग, यात मेख काय आहे?

वाइओला : मेख कसली? व्याजसुद्धा नाही.

आत्या : माझ्याकडे बघून सांग.

वाइओला : म्हणजे... इथे राहतोय तोवर नाही. न्यूझीलंड सोडून कुठे राहायला गेलं की व्याज सुरू.

आत्या : ब्रिस्बेनला गेलं तरी?

वाइओला : तरी. फिटेपर्यंत.

आत्या : हं. मग हो मी म्हणणार नाही.

वाइओला : आत्या!

आत्या : मी म्हटलं की सेमिसी मान खाली घालून ऐकेल. जन्मभर तेच करत आलाय. माझ्या लेकीच्या लग्नात आहेराला एवढ्या महागड्या चटया त्याने कुठून आणल्या, ते मी कधी विचारलंसुद्धा नाही. याचं उत्तर त्याचं त्याला देऊ दे. जा.

वाइओला : आणि नाही म्हणाला तर?

आत्या : तर जानेवारीत ब्रिस्बेन. कुरकुर करायची नाही.

वाइओला : ...बाबा? ऐकलंस ना सगळं?

बाबा : सोडून गेलं की व्याज लागतं?

वाइओला : हो, पण मी—

बाबा : मग माणसं इथेच राहत असतील.

वाइओला : बरीचशी. मी तर नक्कीच.

बाबा : फिटायला किती वर्षं?

वाइओला : दहा! बारा, फार तर! पण मी भराभर फेडेन बाबा, शपथ, सुट्टीतसुद्धा काम करून—

बाबा : काढ कर्ज. आणि फेडायची एवढी घाई करू नकोस.