उथळ मुलांनी हा विषय घेऊ नये

हॅलो?… हॅलो!… हो, मीच. बरं झालं तूच फोन केलास. सकाळपासून एक वाक्य तयार आहे माझं. ऐक. ज्या शाळेत सामाजिक शास्त्राचा वर्ग ओस पडतो, त्या शाळेतून माणसं बाहेर पडत नाहीत, नुसती गिऱ्हाईकं बाहेर… काय?… ऐकू येत नाही?… थांब, फोन उलटा धरलाय.

हं, आता?… नाही, पुन्हा नाही म्हणणार. अशी वाक्यं एकदाच म्हणायची असतात.

मेसेज?… नाही वाचला… कारण काही नाही. नाही वाचला… कोण बोलतंय? इथं कोणी नाही. मी एकटाच आहे… बाई? कसली बाई?… रेडिओ असेल. अगं, शेजाऱ्यांचा!

ते सोड. तू शाळेच्या ऑफिसात बसतेस, तुला सगळं कळतं. नववीच्या पोरांनी काय काय घेतलं?… हो, दोन्ही विषय एकाच तासाला ठेवलेत, माहीत आहे मला. स्पॅनिश घ्या नाहीतर सामाजिक शास्त्र घ्या. काय डोकं चालवलंय तुमच्या मोठ्या बाईंनी! माझीच विद्यार्थिनी. इतिहासात काठावर पास झाली होती, आता इतिहासालाच काठावर आणून उभं केलंय.

स्पॅनिशला किती?… बाकं बाहेरून आणली?… वा! आणि बसवलं कुठं? माझ्या नकाशांच्या खोलीत ना? तिथं काय चालतं ठाऊक आहे तुला? मी खिडकीतून पाहिलंय… डोकावत नव्हतो, चालायला निघालो होतो. वर्षभर ती पोरं एका खोट्या हॉटेलात बसून खोट्या वेटरकडे खोटी कॉफी मागतात. बिल कधी येत नाही. आणि त्या स्पॅनिशच्या बाई टाळ्या वाजवतात! कॉफी मागितली म्हणून टाळ्या!… इथं कोणाशी बोलणार स्पॅनिश? न्हाव्याशी? पोस्टमनशी?… हो, हो, जगात खूप लोक बोलतात. जगात खूप लोक घोरतातही. वर्ग काढतो का आपण?

बरं, आपल्याला किती?

…

एकही नाही?… नीट बघ. कागद चिकटले असतील… एकसुद्धा नाही?… आज शाळा सुटेपर्यंत एक तरी नाव हवं, नाहीतर विषय बंद?… कायमचा?

ही सगळी माझ्या जागी आलेल्या त्या नव्या मास्तराची करणी. क्रांतीची कारणं रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवतो. पंखा लावला की क्रांती उडून जाते… मुलं त्याला नावं ठेवत नाहीत? मग कशाला ठेवतात?

माहितीपुस्तिकेतल्या मजकुराला?… तो मी लिहिलाय. मोठ्या बाई घरी येऊन मागून गेल्या होत्या… हो, पाठ आहे मला. ‘उथळ, चंचल व लवकर कंटाळणाऱ्या मुलांनी हा विषय घेऊ नये.’ सुंदर वाक्य आहे. त्यात खटकण्यासारखं काय आहे?… अगं, एकही पोर आलं नाही, म्हणजे ते वाक्य खरंच ठरलं की!

हसू नकोस… हसत नाहीयेस?… मग काय झालं?

खारूनं?… आपल्या खारूनं स्पॅनिश घेतलं?… तुझी पोर, माझी नात? कॉफी मागणार?… असं म्हणाली ती? ‘आजोबांनी ते माझ्यावरूनच लिहिलंय’?

…



मी कधी म्हटलं तिला उथळ?… जेवताना? कशावरून?… हं… हो, विचारलं होतं तिनं. राजाची दाढ दुखली की ती उपटायला कोण धजायचं म्हणून. मी तहाची कलमं सांगतोय, आणि हिचं लक्ष दाढेवर… मग म्हटलं असेन… उत्तर? उत्तर म्हणजे… त्या विषयावरची साधनं फार तुटपुंजी आहेत गं… नाही, ‘माहीत नाही’ असं नाही म्हणत मी. तुटपुंजी आहेत म्हणतोय.

रडली का?… रडली नाही? नुसता फॉर्म भरून टाकला?… ते तर जास्तच वाईट.

कुठं आहे ती?… तुझ्या टेबलाशी उभी आहे? आणि हे सगळं ऐकतेय?… तिला नको देऊस फोन. मला जमणार नाही… अगं ऐक ना! पेन घे. ते वाक्य खोड… सगळं खोड. तिथं लिही… ‘या विषयात राजाची दाढ कोणी उपटली, हेसुद्धा विचारता येईल.’… हो, असंच. दाढ… मोठ्या बाई काय म्हणतील? काठावर पास झालेल्यांनी काही म्हणायचं नाही. पुढे लिही, ‘उत्तर मिळेलच असं नाही. शिक्षकांनाही.’ झालं. दाखव तिला.

वाचतेय?… काय म्हणाली?… तोंड कसं केलंय?

…

खोडलं? स्पॅनिश खोडलं तिनं?… स्वतःच्या हातानं?… आणि मैत्रिणींनाही बोलवायला गेली?… पळत?… जिन्यात पळू नकोस म्हणावं.

बरं, ठेवतो… थांब, थांब! ठेवू नकोस. एक छोटं काम आहे. त्या स्पॅनिशच्या बाई निघाल्या का घरी?… वाद घालायला नाही गं! काल फोनमधली अक्षरं मोठी करायला गेलो, ती काही मोठी झाली नाहीत, पण आतून एक बाई बोलायला लागली. जिथं बोट लावीन तिथं बोलते… हो, तीच. शेजाऱ्यांकडे रेडिओ नाहीये. आणि बोलते ती सगळं स्पॅनिशमध्येच… हसून घे, हसून घे. झालं?… आता त्यांना फक्त एवढं विचार, ‘गप्प बस’ कसं म्हणायचं?… आणि हो, जरा आदरानं.