शेवटचा भाग

दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या बाईंचे हात कागदावर होते, पण कान समोरच्या बाकावर. तिथे एक काकू काकांकडे पाठ करून शेजारणीला कालच संपलेल्या मालिकेचं सांगत होत्या.

"नऊ वर्षं पाहिली हो, आणि मेल्यांनी शेवटी नायकालाच मारून टाकलं!"

"अगं बाई! कशाने?"

"छातीत दुखत होतं बिचाऱ्याच्या. बायकोला सांगून सांगून दमला. पण तिचं लक्ष असेल तर ना! मी इकडून ओरडतेय, अगं भवाने, ऐक त्याचं!"

"कसल्या बायका दाखवतात!"

"काकू, काकांचा नंबर आला. काय होतंय त्यांना?" केसपेपरवाल्या बाईंनी विचारलं.

"अहो, काय होतंय हो तुम्हाला?"

"काल तासभर तेच तर सांगत होतो!"

"काल? काल कसं ऐकणार? शेवटचा भाग होता ना!"