हिचा रिफंड

विषय : कर जास्त कापला गेल्यामुळे परत मिळावयाची रक्कम, म्हणजेच रिफंड, अद्याप न मिळाल्याबाबत.
संदर्भ : आमच्या हिने स्वतः भरलेले विवरणपत्र.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की रिफंड आलेला नाही, काल आला नव्हता, आज आला नाही, आणि उद्याचं विचाराल तर तुम्हाला सांगतो, ‘उद्या या’ हे मी उभा जन्म कचेरीच्या खिडकीमागे बसून लोकांना सांगत आलो, त्यामुळे त्या उद्याची किंमत मला कोणी शिकवू नये. म्हणतात ना, सरकारी काम आणि सहा महिने थांब... अहो, ही म्हण ज्याने केली तो भला माणूस, त्याने निदान मुदत तरी दिली! संगणक मुदतही देत नाही. तो आपला एकच सांगतो : ‘प्रक्रिया सुरू आहे.’

आता हा रिफंड माझा असता तर मी चकार शब्द काढला नसता. आपलेच दात, आपलेच ओठ. पण रिफंड हिचा. ही मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, आणि निवृत्तीच्या वर्षी शाळेने हिच्या पगारातून कर कापला तो असा सढळ हाताने की जणू पुन्हा संधी मिळणार नाही. मी म्हटलं, जाऊ दे, कोण खेटे घालणार? तर ही म्हणाली, “तुम्ही खिडकीच्या आतल्या बाजूला बसलात ना जन्मभर, म्हणून तुम्हाला असं वाटतं.” आणि बसली संगणकापुढे, चष्मा कपाळावर, आणि सगळं विवरणपत्र एकटीने भरलं. मी मागून डोकावलो की म्हणायची, “साहेब, रांगेत उभे राहा.” मी राहिलो. दुसरं काय करतो?

बरं, पैसे यायच्या आधीच खर्चही ठरला. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करायची. आमची ती खिडकी म्हणजे... ताट आडवं धरलं तर बाहेर जाणार नाही, एवढी. ही म्हणायची, “तुमच्या कचेरीतली जुनी काढून इथे बसवलीय. मी इतकी वर्षं इथे उभी राहते, समोरच्या घरातल्या बाईचं नुसतं कोपर ओळखते मी. रस्त्यात भेटली तर तिला म्हणेन, जरा हात वर करा, म्हणजे ओळख पटेल.” गवंडी येऊन माप घेऊन गेला. भिंतीवर पेन्सिलीने चौकट आखून गेला. रिफंड आला की हातोडा घालतो, म्हणाला.

चौकट अजून आहे. रिफंड आला नाही. आणि ही... छातीत जड वाटतंय म्हणाली, रुग्णालयात नेलं, मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि आत गेली ती गेलीच. तेव्हाही म्हणे प्रक्रिया सुरूच होती.

आता रिफंडचं काय झालं ते पाहायचं कसं, तर तुम्हाला सांगतो, त्याची एक रीत आहे. हिच्या नावाने आत शिरायचं. मग हिच्या फोनवर ओटीपी येतो. म्हणजे हिचा फोन चालू पाहिजे. तो पिठाच्या डब्यावर असतो, ही ठेवायची तिथेच, मी रोज चार्ज करतो. दुपारच्या चहाच्या वेळी बाहेरच्या खोलीत मी बटण दाबतो आणि आत स्वयंपाकघरात फोन वाजतो, टिंग. पहिल्यांदा वाजला तेव्हा सवयीने तोंडातून गेलं, “अगं, तुझा फोन—” आणि मग मीच उठलो. दुसरं कोण उठणार?

आकडे टाकले की पडद्यावर येतं : ‘नमस्कार, आपले स्वागत आहे,’ आणि पुढे हिचं पूर्ण नाव, मधोमध माझं नाव घालून. घरी आता ते नाव कोणी घेत नाही. येणारेजाणारेसुद्धा ‘त्या’ म्हणतात, ‘त्यांचं’ म्हणतात, नाव घेतलं तर मी मोडेन असं वाटतं त्यांना. संगणकाला ही भीती नाही. तो हिचं रोज स्वागत करतो, आणि मग हळूच सांगतो, ‘प्रक्रिया सुरू आहे.’

मदतीसाठी फोन लावला तर अर्धा तास सनई वाजवावी तसं काहीतरी ऐकवून एक गोड आवाज म्हणाला, “नमस्कार सर, काय मदत करू?” म्हटलं, पत्नीच्या रिफंडचं विचारायचंय. “ज्यांचं विवरणपत्र त्यांनाच माहिती देता येते सर. त्यांच्याकडे फोन देता का?” म्हटलं, देता येत नाही. “मग त्या कधी उपलब्ध असतील?” आता याचं उत्तर मोठमोठ्या तत्त्वज्ञांना देता आलं नाही, मी कारकून काय देणार? म्हटलं, कल्पना नाही. “हरकत नाही सर, त्या आल्या की त्यांना फोन करायला सांगा.” म्हटलं, सांगतो. खोटं बोललो असं म्हणू नका. आल्या तर सांगेनच की.

शेवटी मुलगी आली. ती म्हणाली, बाबा, असं नसतं, वारस म्हणून अर्ज करायचा, आईचा मृत्युदाखला जोडायचा, संपलं. केला अर्ज. परत आला. शेरा होता : ‘दाखल्याची प्रत अस्पष्ट. सुस्पष्ट प्रत सादर करावी.’ तुम्हाला सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, आत माणूस आहे, आपल्यापैकीच कोणीतरी आहे.

मी सुस्पष्ट प्रत पाठवणारही होतो. पण जिन्यात भेटले खालच्या मजल्यावरचे करसल्लागार. पाठीवर हात ठेवून म्हणाले, “काका, काळजीच सोडा. एकदा वारस मंजूर झाला की काकूंचं खातं कायमचं बंद होतं. सगळं तुमच्या नावावर दिसायला लागेल. तो फोनही काढून टाका मग, उगाच भुर्दंड.” माणूस चांगला हो, चांगली बातमी म्हणूनच सांगत होता. मी चांगली बातमी ऐकल्यासारखा चेहरा केला आणि वर आलो.

त्यानंतर दाखला स्कॅनिंगच्या यंत्राच्या काचेवर ठेवताना तो जरा... सरकायला लागला. कधी कोपरा दुमडायचा. एकदा झाकण लावायचं राहिलं आणि छताचा दिवाच उमटला. अर्ज परत. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. आमच्या कचेरीत एक नियम होता, कुठल्याच पुस्तकात नसलेला : मंजूर झालेली फाइल तळघरात जाते आणि तिला पुन्हा कोणी विचारत नाही. त्रुटी असलेली फाइल टेबलावर राहते. तिची धूळ झटकली जाते. तिची चौकशी करायला कोणी ना कोणी रोज येतं.

गेल्या आठवड्यात मुलगी पुन्हा आली आणि परत आलेल्या प्रती एकामागून एक पाहत गेली. आईचीच नजर, शिवणीतला चुकलेला टाका लांबून दिसतो तिला. म्हणाली, “बाबा, जन्मभर लोकांचे कागद तपासलेत. तुम्हाला एक कागद सरळ ठेवता येत नाही?”

मी म्हटलं, यंत्र जुनं झालंय.

“मी दिवाळीला नवं घेऊन दिलंय ते.”

मग तिने खातं बंद होण्याचं, पैसे मिळण्याचं, खिडकीचं, माझ्या तब्येतीचं असं सगळं एका दमात ऐकवलं, आणि बरोबरच होतं तिचं, मी मान डोलावत होतो. पण चहाची वेळ झाली होती आणि हाताला सवय... बटण दाबलं गेलं. आत फोन वाजला. टिंग.

बोलता बोलता ती मागे वळून म्हणाली, “आई, तुझा फोन.”

समोरच्या घरात कोणीतरी भांडं घासत होतं, तेवढाच आवाज. मग तीच आत गेली, फोन हातात घेऊन दारात उभी राहिली आणि आकडे वाचून दाखवले, एकेक, सावकाश. मी टाकले. ‘नमस्कार, आपले स्वागत आहे.’ दोघांनी नाव वाचलं. पुढचं वाचायची गरज नव्हती.

जरा वेळाने नाक पुसून म्हणाली, “तुम्ही व्हा बाजूला. आज प्रत मी पाठवते.” झालीच की हिची मुलगी. मी रांगेत उभा राहिलो. म्हटलं, संपलं, ती काही कागद सरकू देणार नाही. तिने काम उरकलं, संगणक बंद केला आणि फोन परत पिठाच्या डब्यावर ठेवून निघून गेली.

ती गेल्यावर मी उघडून पाहिलं, काय पाठवलंय ते. दाखला काचेवर अगदी सरळ, काटकोनात, कडा जुळवून ठेवलेला. आणि मधोमध, बरोब्बर हिच्या नावावर, तिच्या अंगठ्याची सावली.

तरी माहितीसाठी सादर करण्यात येते की रिफंड आलेला नाही. खिडकी आहे तेवढीच आहे. दाखल्याची प्रत अस्पष्ट असल्याने अर्ज प्रलंबित आहे.