हौश्याची खांदेमळणी

आन् वर मलाच इचारत्यात, "काय भिमाजी, ब्रेकला तूप गाईचं घातलं हुतं का म्हशीचं?" बाजाराला जावा, इचारत्यात! न्हाव्याफुडं बसा, वस्तरा गळ्यावर ठिवून इचारतोय! म्हशीचं हुतं बाबा, साजूक हुतं, झालं समाधान?... तुमी बी हसताय? हसा! पर आधी समदं ऐकून घ्या, आन् ह्यात माजी एक तरी चूक निघाली तर हितंच पायताण काढा.

त्याचं असं झालं, दुष्काळ पडला. त्यो तर समद्यांवरच पडला म्हना, खडी फोडाया आमी समदेच जात हुतो. पर चारा मिळंना, बैल डोळ्यांदेखत वाळाया लागली, तवा हौश्या आन् पाखऱ्याची जोडी दिली इकून. आई, म्हंजी आमची गोजरबाई, जोडी गेली त्या दिशी चुलीपाशी तोंड फिरवून बसली ती उठंना. दावणीकडं बघितलं की पदर डोळ्याला. फुडं देवाच्या दयेनं पाऊस झाला आन् आमची मंडळी, मुक्ता, मला म्हनली, "जावा, नगरच्या बाजारातनं चांगली जोडी बघून आना." आता मी बैल आनायलाच निघाल्तो, खरं सांगतो, आईच्यान! पर वाटंत भिंगार लागतं, त्याला मी काय करू?

भिंगारला एक मोडीवाला, भंगार गाड्या इकनारा. त्याच्या दारात ही उभी. पिकप! मिलिटरीची! पुढं ड्रायवर बसायला खोपटं, मागं हौदा, रंग हिरवा... म्हंजी जितं पत्रा हुता तितं हिरवा. मी नुसतं बघितलं वो! तर त्यो मोडीवाला आतनं पळत आला, "शेठ, लढाईवरनं आलीय!" म्हनलं, "कंच्या लढाईवरनं?" म्हनला, "तुमी म्हनाल त्या!" मी म्हनलं, मला बैल घ्यायच्यात. तर म्हनतो कसा, "बैलाला बसून खायाला लागतं. गाडी उभी असली तर काय खाती का?" आता हे खरंच हाय का न्हाई? उभी असली तर कायच खात न्हाई! फक्त ती कायम उभीच ऱ्हाती, हे त्यानं सांगितलं न्हाई. म्हनलं, चालती का? म्हनला, "चालंल की! किरकोळ काम हाय!"

किरकोळ काम! तुमाला सांगतो, हे दोन शब्द कुनी काढलं की माज्या आंगावर काटा येतो.

घरी आनली कशी? शेजाऱ्याची बैलं लावून वढत आनली. तितंच मला कळाया पायजे हुतं. दारात मुक्ता उभी, हातात भाकरतुकडा, बैलावरनं ओवाळून टाकायला. म्हनली, "आपली बैलं कुटायत?" मी बॉनेटवर हात मारला, म्हनलं, "ह्याच्यात पन्नास घोडं हायती!" तर म्हनली, "मग त्यातलं एक काढा आन् जुंपा औताला." ह्या बायकांना यंत्राचं काय कळत न्हाई. तिनं भाकरतुकडा शेजाऱ्याच्या बैलावरनं ओवाळला, पिशवी भरली आन् निघाली म्हायेरी. जाताजाता उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन समद्या गल्लीला आयकू जाईल असं म्हनली, "पोळ्याच्या दिशी माज्या बापाच्या दारात येक तर बैलजोडी घिऊन या, न्हाईतर हे धूड त्याच्या सोताच्या पायानं चालवीत आना. दोन्ही जमलं न्हाई तर मला न्यायला येऊच नका!" आन् ती बोलती तसं करती, हे तुमाला ठावं न्हाई, मला ठावंय. पर तोंडानं म्हनलं, "जा! पोळ्याला येतो! किरकोळ काम हाय!"

मग बोलावला छगन मिस्तरी. छगन आमच्या पंचक्रोशीतला एक नंबर मिस्तरी, पर विहिरीवरच्या इंजनाचा. चाकं असलेलं इंजन त्यानं आयुष्यात खोललं नव्हतं. म्हनलं, "छगन, जमंल का?" तर पानाची पिंक टाकून म्हनतो, "इंजन ते इंजन. ते जाग्यावर ऱ्हातं, हे हिंडतं. किरकोळ काम हाय!" आन् खोललं की वो त्यानं! समदं! अंगणात गोधड्या आंथरल्या आन् त्याच्यावर मांडलं, जसं काय रुखवतच! मग जोडलं. जोडल्यावर पाटीभर नट-बोल्ट उरलं. म्हनलं, हे रं काय? म्हनला, "जास्तीचं हुतं. मिलिटरीवाल्यांना कुठं सोताच्या खिशातनं घालायचं आसतंय, लावत्यात आपलं!" धुराचं नळकांडं सडलं हुतं, तितं त्यानं विहिरीचा पाइप बशिवला. पहिल्यांदा इंजन सुरू केलं तवा आख्ख्या गावाला वाटलं सुरुंग उडाला, आन् शेजारच्या छबूबाईची म्हस जी दावं तोडून पळाली ती थेट नदीकाठाला घावली.

मागचा हौदा गंजून गेल्ता, म्हनून पुंजाराम सुताराला बोलावलं. पुंजारामाचा जलम बैलगाड्या करन्यात गेला. त्यानं बाभळीचा झकास हौदा केला, दोन्ही बाजूनं कठडं केलं, आन् फुडच्या बाजूला सवयीनं... जू बशिवलं! जू! बैलाच्या मानंवरचं! पिकपच्या तोंडाला, लांब दांडी काढून! म्हनलं, "पुंजाराम, आरं हे काय?" त्यानं लांब जाऊन बघितलं, टोपी सारखी केली, म्हनला, "असू द्या. उपेगी पडतंय."

आन् समदं होत आलं तर आमची खुडूक कोंबडी इंजनात जाऊन अंड्यावर बसली! उब आसती ना तितं. मी काढाया गेलो तर आई मधी आली, "खबरदार! पिल्लं निघूस्तवर कुनी हात लावायचा न्हाई!" आता काय करता? इकडं पोळा जवळ आलेला, तिकडं बायको म्हायेरी, आन् छगन आन् मी कोंबडीकडं बघत बसलेलो. छगन म्हनला, "कोंबडीचं काम आपल्या हातात न्हाई." हे एकच काम त्यो किरकोळ म्हनला न्हाई.

आता खरी गंमत ऐका. आईनं तवर गाडीला नाव ठिवलं हुतं. हौश्या. रोज सकाळी बॉनेटवर हात फिरवून म्हनायची, "हौश्या, बरा हायस ना?" तिचा जीव रमत हुता, रमू दे म्हनलं. मला बी हौश्याची आठवन यायची की, मी काय दगड हाय का?

मग आला पोळ्याचा आदला दिवस. आता तुमी शहरगावची मानसं आसाल तर सांगतो, आदल्या दिशी सांजंला आमच्याकडं बैलाची खांदेमळणी आसती. वर्सभर जू वढून खांदं सोललेलं आसत्यात, तर त्याला तूप-हळद लावायची, चोळून चोळून जिरवायची, आन् बैलाच्या कानात म्हनायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." छगननं त्या दिशी चाकं काढली हुती, ब्रेकला नव्या पट्ट्या बशिवल्या हुत्या, आन् झाकायच्या आधी त्यो निघाला घरी, त्याच्या बैलाची खांदेमळणी हुती. जाताना आईनं इचारलं, "छगन, ह्याला जोर कुटं लागतो रं?" ह्यो शाणा म्हनला, "म्हातारे, समदा जोर ह्या पट्ट्यास्नी! भरला हौदा उतारावर थोपवायचा म्हंजी काय गंमत हाय का?" आन् गेला.

मी हुतो नदीवर, आंघूळ करत. सासरवाडीला जायचं म्हनून दगडानं आंग घासत हुतो. मला काय ठावं वो, हितं आमची आई तुपाची वाटी घिऊन बसलीय! "लेकराचं खांदं कोरडं ठाक पडल्यात," म्हनत चारी चाकाच्या पट्ट्यास्नी तूप-हळद चोळली, जिरवली, आन् हौश्याला आवतन दिलं. सकाळी छगननं येऊन चाकं चढवली. फुडं इचारलं तर म्हनला, "पिवळं दिसलं, मला वाटलं नव्या मालाचा रंगच तसला आसंल."

पोळ्याच्या दिशी हौश्या म्हंजी बघा! दोन्ही दिव्याला शिंगावानी हिंगूळ, बॉनेटवर झूल, गळ्यात, म्हंजी जितं गळा आसाया पायजे तितं, जुन्या हौश्याची घुंगरमाळ. आई म्हनली, "सनाचं त्याला जुंपायचं न्हाई." म्हनलं, "आगं, ओझं न्हाई, नुसता सून आनाया चाललोय." तवा कुटं म्हनली, "जा, पर रिकामा ने." रिकामा कसला? इंजनाशेजारी कोंबडी, पिल्लं नुकतीच निघालेली, ती उतराया तयार न्हाई!

निघालो. छगन शेजारी. आन् तुमाला सांगतो, चालली! सोताच्या पायानं! मला तर रडूच आलं वो! म्हनलं, मुक्ता बघंल, मुक्ताचा बाप बघंल, समदा गाव बघंल! पाथर्डीच्या वाटंनं समदा चढ हुता तवर ब्रेक कशाला लागतोय? आतापातूर हिला चालवायचीच पंचाईत हुती, थांबायची ती आपली आपनच थांबायची! मग चढ संपला. खाली सासरवाडी दिसाया लागली. म्हनलं, जरा दमानं जाऊ, आन् ब्रेकवर पाय दिला...

लोन्यात पाय घातल्यावानी खाली गेला! परत दाबला. काय न्हाई! म्हनलं, "छगन, ब्रेक!" छगन म्हनला, "दाबा की!" म्हनलं, "दाबलाय!" हातब्रेक वढला तर दांडी हातात आली. आन् तेवढ्यात वास सुटला... काय सांगू! साजूक तुपाचा! चारी चाकात फोडणी बसल्यावानी! छगन डोळं मिटून म्हनला, "कुनाच्या तरी घरी पोळ्या लाटाया घेतल्यात." आरं, लाटाया न्हाई, भाजाया, आन् त्या आपल्याच खाली! वाटंवरची कुत्री मागं लागली, मागं धूर, फुडं घुंगरू, आत कोंबडी वरडतीय, आन् आमी निघालो सुसाट!

आता येशीत काय चाललं हुतं ते ऐका. समद्या गावाची बैलं सजून रांगंत उभी, येशीला आंब्याच्या पानाचं तोरन, आन् तोरन तोडायचा मान कुनाच्या बैलाचा? माज्या सासऱ्याच्या, आबासाहेबांच्या! आज्या-पंज्यापासनं! त्याच्याआधी कुनी येशीतनं गेलं तर डोकी फुटत्यात. आबासाहेब फेटा बांधून, कासरा धरून, वाजंत्री सुरू, पयलं पाऊल टाकनार... तवर वरनं मी! "सरका! सरका!" वरडत, आबासाहेबांच्या शेजारनं, येशीखालनं, तोरन तोडून, जुवावर अडकवून, थेट त्यांच्याच दारातल्या कडब्याच्या गंजीत! थांबली एकदाची. कोंबडी खाली उतरली, पिल्लं मोजल्यावानी बघितली आन् चालाया लागली.

वाजंत्री बंद. समदा गाव गोळा. आबासाहेबाचा फेटा सुटल्याला, हातात कासरा. मुक्ता वसरीत, हातात ओवाळायचं ताट, तोंडावर कायबी न्हाई. म्हनलं, संपलं. बायको गेली, आता हाडं बी जात्यात.

तवा गावातलं जुनं मानूस, गहिनीनाथबाबा, काठी टेकत फुडं आलं. बाबा म्हनलं, "थांबा. मान बैलाचा. गाडीनं तोरन तोडलं तर गावाचा अपमान. पर बैलानं तोडलं, आन् बैल जावयाचा, तर मान आबासाहेबाच्याच घरात ऱ्हातो. तवा बोल जावईबापू, हे काय हाय?" मी म्हनलं, "बैल!" मानसं हसली. बाबा हसलं न्हाई. गाडीभवती फिरलं. "घुंगरू हाय. हिंगूळ हाय. झूल हाय. जू हाय..." पुंजारामा, तुजं सोनं होऊ दे! "...पर खांदेमळणी झालीय का?" माजं तोंड पडलं. बाबा वाकलं, चाकापाशी नाक नेलं, लांब वास घेतला, आन् सरळ उभं ऱ्हाऊन समद्या गावाला म्हनलं, "तूप हाय! हळद हाय! बैलच हाय!"

तवा मला कळलं ब्रेक कुनी खाल्ला ते!

वाजंत्री परत सुरू झाली. मुक्ता आली, हौश्याला ओवाळलं, गाडीच्या तोंडाच्या जाळीत पुरनपोळी कोंबली, आन् माज्याकडं न बघता म्हनली, "बैल बी आला, गाडी बी आली. येती मी." आबासाहेबांनी दुसऱ्या दिशी एक जोडी दिली, म्हनलं, "जावईबापू, बैलं घिऊन जावा, पर हे धूड फुडल्या पोळ्याला माज्या येशीत आनू नका." गाडी काय सुरू हुईना. मग काय! जू हुतंच. जोडी जुंपली, मुक्ता आत गादीवर, कोंबडी मांडीवर, आन् चढ आला की बैलं थांबायची आन् मागनं ढकलाया मी!

तवापासनं हेच चाललंय. फुडं बैलं, मधी गाडी, मागं मी. छगन दर बाजाराला भेटतो, म्हनतो, "आता एकच किरकोळ काम ऱ्हायलंय." मी वाट बदलतो.

आन् यंदाची खांदेमळणी... आईनं तूप-हळद घेतली, जोडीचं खांदं मळलं, हौश्याच्या पट्ट्यांना तर आता ती हक्कानंच लावती. वाटीत जरा तूप उरलं. तिनं वाटीकडं बघितलं, मग माज्याकडं बघितलं, आन् म्हनली, "भिमा, सदरा काढ."

आन् तुमाला सांगतो... काढला. खांदं लई दुखत हुतं वो!