वीणेचा पहारा

हट्टाची गोष्ट निघालीच आहे, तर आमच्या बाबांचं ऐका.

विद्यापीठाच्या आवारात भजनाचा सप्ताह होता आणि वडनेरहून आमचं मंडळ गेलं होतं. सप्ताहात वीणा जमिनीवर ठेवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. गावात बाबांचा आणि काकाचा पहारा, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायची पाळी, कधीच लागून येऊ देत नाहीत, कारण शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघा भावांची बोलचाल बंद आहे. विद्यापीठाच्या पोरांना हे काय माहीत? त्यांनी पहारे आडनावाप्रमाणे लावले.

बाबांचा पहारा संपला आणि काका वीणा घ्यायला समोर येऊन उभा राहिला. बाबा हलेनात.

"गजू, तुह्या काकाले सांग, मी थकलो नाई."

"गजू, तुह्या बापाले सांग, मले घाई नाई."

मी मधात उभा. तास गेला, दुसराही गेला. बाबा या पायावरचा भार त्या पायावर टाकायला लागले, पण काकाही जागचा हलला नाही. शेवटी संगीत विभागाचे सर आले आणि हात पुढे करून म्हणाले, "द्या, मी घेतो."

आमच्या घरचा पहारा बाहेरच्याने घ्यावा, हे दोघांनाही सहन होण्यासारखं नव्हतं. घाईघाईत दोघं एकदमच पाया पडायला वाकले आणि डोकी अशी आदळली, की माइकवरून सगळ्या आवारात आवाज गेला.

"लागलं काय बे?" बाबांनी विचारलं.

"तुले?" काका म्हणाला.

धुऱ्याचं भांडण अजून चालूच आहे. फक्त आता त्यात गजू लागत नाही.